लक्ष्मी कोणाच्या नावावर?

इ. स. १७३४ च्या जानेवारीत थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या सरकारातून एक सनद निघाली. त्या काळी सनदा काही थोड्या निघत नसत. कुणाला मोकासा, कुणाला इनाम, कुणा देवस्थानाला दिवाबत्तीचा खर्च. परंतु ही सनद निघाली ती मल्हारराव होळकरांच्या नावे नव्हे, तर त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे. माळवा आणि दक्षिण मिळून सुमारे ३ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तिच्यात होता, आणि तो 'खासगी' म्हणून, वंशपरंपरेने. होळकरशाहीच्या इतिहासात लढायांची वर्णने आपण डोळे विस्फारून वाचतो आणि असल्या कागदावरून बोट पुढे सरकवतो. मला मात्र वाटते की पुढच्या साठ वर्षांच्या इतिहासाचे बी ह्याच कागदात होते.

मेख अशी की, मल्हाररावांकडे जो मोठा मुलूख होता तो सरंजाम. सरंजाम म्हणजे चाकरीचा मोबदला. त्यातून फौज बाळगायची, स्वारीचे बोलावणे आले की निघायचे, आणि धन्याची मर्जी फिरली तर तो जप्तही व्हायचा. खासगीचे तसे नव्हते. तिचा हिशेब वेगळा, कारभारी वेगळे, आणि तो पैसा घरच्या मुख्य बाईच्या हुकमाने खर्च व्हायचा. मल्हारराव धनगराच्या पोराचे सुभेदार झालेले. नशीब जसे येते तसे जातेही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. चूल कुणाच्याही मर्जीवर अवलंबून राहू नये, एवढाच हिशेब कदाचित त्या वेळी असेल. पण घडले ते त्याहून मोठे.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, आणि दुसऱ्याच वर्षी अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा मालेराव. घरात कर्ता पुरुष उरला नाही. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत यांनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपण पाहावा असा बेत रचला, आणि राघोबादादांना बोलावून घेतले. अहिल्याबाई वाकल्या नाहीत. त्यांनी फौजेची जमवाजमव केली, इतर सरदारांना आपल्या बाजूस वळवले, आणि थोरल्या माधवरावांकडून आपल्या हक्काची मान्यता मिळवली. राघोबादादांना परत फिरावे लागले.

ही कथा आपण शाळेत सांगतो ती धैर्याची म्हणून सांगतो, आणि धैर्य होतेच. पण घोड्याला दाणा लागतो, शिपायाला पगार लागतो, आणि जासुदालासुद्धा फुकट पळवता येत नाही. ज्या विधवेच्या हाती स्वतःचा खजिना नाही तिने तेवढ्याच धैर्याने नकार दिला असता, तर तो वाड्याच्या चार भिंतींतच राहिला असता. तसबिरींत अहिल्याबाईंच्या हातावर महादेवाची पिंड दाखवतात. ती असू द्यावीच. पण शेजारी एखादी खतावणीही एखाद्या चितारीने काढावी अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. काशीचे विश्वनाथाचे देऊळ १७८० साली पुन्हा उभे राहिले, सोमनाथाला १७८३ साली नवे मंदिर झाले, ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा झाल्या. ह्या दानधर्माचा भार मुख्यतः खासगीवर पडला, दौलतीवर नाही. तुकोजी होळकर स्वाऱ्यांवरून पैशासाठी तगादा लावीत, आणि बाई हिशेब मागत. त्या दोघांच्या रुसव्याफुगव्यांचे मूळ पुष्कळदा हेच.

जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये माळव्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात एक हकीकत आहे. इंदूरचा देवीचंद नावाचा श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ तेव्हा इंदूरजवळ होता, आणि त्या संपत्तीत सरकारचा वाटा काढावा असे त्यांना वाटले. सावकाराची बायको धावत महेश्वरास गेली. अहिल्याबाईंनी सारी मालमत्ता तिचीच असल्याचे कायम केले आणि तुकोजींना इंदुरावरून तळ हलवण्याचा हुकूम पाठवला. मला ही हकीकत सोमनाथाच्या देवळापेक्षा मोठी वाटते. जिच्या हाती स्वतःची मिळकत होती, तिला दुसरीच्या मिळकतीची किंमत कळली, आणि ती तिने राज्याच्या हुकमात उतरवली.

अहिल्याबाई १७९५ साली गेल्या. पुढे पेशवाई गेली, कंपनी सरकार आले आणि साऱ्या मुलखाची मोजणी सुरू झाली. आपल्याकडची रयतवारी पाहणी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन साहेबांनी ती पद्धत बसवली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार, आणि प्रत्येक आकारापुढे सारा भरणाऱ्याचे नाव. ते नाव बहुधा पुरुषाचे. पेरणीला मूठ धरणारी, निंदणी-खुरपणी करणारी, खळ्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभी राहणारी बाई ह्या वहीत कुठे बसत नव्हती. तिचे नाव वहीत शिरे ते नवरा मेल्यावर आणि मुलगा अज्ञान असताना, तेही मुलाची 'पालनकर्ती आई' म्हणून.

त्या वेळी ह्याचे कुणाला फारसे वाटले नसेल. पण वही मोठी लबाड वस्तू आहे; एका कामासाठी लिहिलेली पुढे भलत्याच कामाला येते. १९१९ च्या कायद्याने प्रांतांच्या कौन्सिलांसाठी मतदार ठरवायची वेळ आली तेव्हा सरकारने हीच वही उघडली. जो ठरावीक सारा, घरपट्टी किंवा प्राप्तिकर भरतो, त्याला मत. म्हणजे सारा भरणारा तो खातेदार, आणि खातेदार तो मतदार.

बायकांनी मताची मागणी तोवर केली होतीच. १९१७ च्या डिसेंबरात सरोजिनी नायडू आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासेस माँटेग्यू साहेबांना भेटले होते. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आपली मुलगी मिठन हिला घेऊन विलायतेस गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. (हीच मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागली.) पण पार्लमेंटाने हा प्रश्न प्रांतांवर सोडून दिला. मद्रासने १९२१ मध्ये बायकांना मत दिले, त्याच वर्षी मुंबईनेही दिले. आपल्याकडे ह्या चळवळीच्या पुढे रमाबाई रानडे होत्या. त्याच्या थोडे आधी पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न निघाला होता, आणि मुलींना त्यातून तूर्त वगळावे, कारण नगरपालिकेपाशी तेवढा पैसा नाही, असे भलेभले म्हणत होते. तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर बायकांचा मोर्चा निघाला. त्यातही रमाबाई होत्याच. तिजोरीत कमी पडले की काटछाट पहिली मुलींच्या वाट्याला येते, हे मी शिक्षिका म्हणून आजही पुष्कळ घरांत पाहते. तिथे नगरपालिकेचे काय घेऊन बसायचे?

मत मिळाले खरे, पण ते कुणाला? बाईला मत द्यायला कायद्याची ना नाही, पण अट मिळकतीची, आणि मिळकत तर बाईच्या नावावर नाही. शंभर प्रौढ बायकांत एकीलाही धड मत मिळाले नाही. दार उघडले होते, पण उंबरठा छातीइतका उंच होता. १९३५ च्या कायद्याने त्यावर एक अजब तोड काढली: मिळकतदार मतदाराच्या बायकोलाही मत. म्हणजे कुंकू पुसले तर मतही पुसले जाण्याची भीती! स्त्रियांच्या मोठ्या संघटनांनी हे आधीच धुडकावले होते. नवऱ्याच्या नावाने मिळणारे मत नको, सज्ञान प्रत्येकीला मत द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हा ताठा मला फार आवडतो. हातात येणारे थोडे घ्यावे आणि गप्प बसावे, असा शहाणपणा त्यांना सहज करता आला असता.

आता मिळकतीचीच गोष्ट. मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख यांनी खटपट करून १९३७ मध्ये हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा करून घेतला. वाटा हयातीपुरता, विकण्याचा हक्क नाही, तरी वाटा. पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. ज्या देशात मिळकत म्हणजे शेतजमीनच, तिथे ह्या निकालानंतर विधवेच्या हाती काय उरले असेल?

१९५० साली आपली घटना अमलात आली आणि मिळकतीची अट एका दिवसात गेली. पिढ्यान् पिढ्या भांडून मग पायरीपायरीने जे दुसऱ्या देशांनी दिले ते आपण पहिल्याच दिवशी दिले. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशाने बायकांना देशाच्या निवडणुकीत मत दिले ते १९७१ मध्ये! पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या होऊ लागल्या तेव्हा उत्तरेकडच्या काही भागांतल्या बायकांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की अशी नावे यादीत राहणार नाहीत. सुमारे ८ कोटी स्त्रीमतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे त्या पायी गळली. सेनांवर तेव्हा टीका झाली. मला त्यांचेच बरोबर वाटते. पुढच्या निवडणुकांत बायका आपापली नावे सांगू लागल्या.

त्याच १९५१ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारणे अनेक होती, पण हिंदू कोड बिल अडवले गेले हे त्यांतले मोठे. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा, ह्या कल्पनेनेच तेव्हा कित्येकांचा तोल सुटला होता. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेची हयातीपुरती मिळकत पूर्ण मालकीची झाली आणि मुलीला बापाच्या स्वतःच्या वाट्यात हक्क मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानेच हक्क मात्र मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींपुरता तो दिला, आणि २००५ मध्ये साऱ्या देशात सगळ्या मुलींना मिळाला. डॉ. आंबेडकरांच्या राजीनाम्यापासून मोजले तर ५४ वर्षे.

तर मग आता सगळे झाले असे म्हणावे काय? कुणाही तलाठ्याला विचारा. बाप गेला की वारसनोंद होते, बहिणींची नावे लागतात, आणि मग काही महिन्यांत त्याच बहिणी तालुक्याच्या गावी येऊन हक्कसोडपत्रावर सही करून जातात. येताना भाऊ गाडी करून आणतो, जेवू घालतो, साडी घेतो. सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती तिच्या मनात असते, आणि ती अगदीच खोटी नसते. भाऊबीजेला ओवाळून घेणारा हात आणि कागद पुढे सरकवणारा हात एकच. भावाची बाजूही मला ठाऊक आहे. तीन एकर कोरडवाहूचे चार वाटे केले तर कुणाचेच पोट भरत नाही. म्हाताऱ्या आईला तोच सांभाळतो. बहिणीच्या लग्नाचे कर्ज त्यानेच फेडलेले असते. हे सगळे मान्य. पण अडचण निघाली की सोडायचे ते नेहमी बहिणीनेच का? आणि तिने सोडलेली जमीन भावजयीच्या तरी नावावर लागते काय? तिथेही भाऊच. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बायकांचे प्रमाण शेकडा १४ च्या आतच भरले. शेतात राबणाऱ्यांची गणना केली असती तर आकडा कुठे गेला असता ते सांगायला नको.

ह्या जागी मला नाशिक जिल्ह्यातले चांदवड आठवते. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला. १९८६ च्या नोव्हेंबरात, दिवाळी नुकतीच उलटली असताना, ९ आणि १० तारखांना, ह्याच गावी शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. एवढ्या शेतकरी बायका एका जागी जमलेल्या महाराष्ट्राने तोवर पाहिल्या नव्हत्या. गावोगावहून भाकरी बांधून आल्या होत्या. स्थानिक निवडणुका बायकांनीच लढवाव्यात, हा विचार तिथून पुढे निघाला. पुढे १९९० च्या सुमारास शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. शेतमालाला भाव मागणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या घरातल्या लक्ष्मीच्या घामाचा भाव आधी चुकता करावा, जमिनीचा एक तुकडा खुशीने तिच्या नावावर करावा. आणि ज्या गावात शंभर घरे असे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरवावे. कल्पना अशी सरळ, की शेतकऱ्याला ती कीर्तनातल्या दृष्टांतासारखी पटली.

जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे ह्यात पुढे आले. तिथे १९८९ मध्ये सगळ्याच्या सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली होती, कोणतेही आरक्षण नसताना. आणि त्याच गावात शंभराहून अधिक घरांनी बायकांच्या नावे जमीन केली. पंचायत आणि सातबारा, दोन्ही एका गावात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. अहिल्याबाईंच्या घरात आधी खासगी आली आणि मग गादी. विटनेरात आधी गादी आणि मग खासगी. क्रम उलटा झाला, पण जोडी जमली.

देशात बहुतेक ठिकाणी जोडी जमली नाही. गादी तेवढी आली. १९५७ मध्ये बळवंतराय मेहता समितीने पंचायतीत दोन बायका 'घ्याव्यात' असे सुचवले होते; बालकांच्या आणि बायकांच्या कामात रस असलेल्या. पाहुणीला चौरंगावर बसवावे तशा त्या पुढे तीस वर्षे बसल्या. १९९३ च्या एप्रिलात ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, सरपंचपदेसुद्धा; महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. जगातल्या गरीब म्हणवणाऱ्या देशांत एवढा मोठा प्रयोग क्वचितच कुणी केला असेल.

फरक पडला काय? पडला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो (ह्या बाईंना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले) यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर ह्या जिल्ह्यांतली गावे पाहून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. राखीव जागा पाळीपाळीने फिरत असल्याने बाईचे गाव आणि पुरुषाचे गाव अशी तुलना तिथे नीट करता आली. बाई प्रधान असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर खर्च जास्त झाला. पाणी बाई आणते, म्हणून तिला ते सुचले, हे कुणीही सांगेल. पण मजा पुढे आहे. रस्त्यांवरचा खर्च बाईमुळे बंगालात वाढला आणि राजस्थानात कमी झाला. कारण बंगालात रस्त्याच्या कामावर बायकांना मजुरी मिळत असे, म्हणून त्या रस्ते मागत. राजस्थानात रस्ता ही पुरुषांची मागणी होती. म्हणजे बाई खुर्चीत बसली की गाव आपोआप सद्गुणी होत नाही. तिचा पैसा कुठून येतो आणि तिचे कष्ट कुठे जातात, त्याप्रमाणे कारभाराचे तोंड फिरते. तिच्या हाती जमीन असती तर तिने आणखी काय मागितले असते, बांध, विहीर, की सोसायटीचे कर्ज, हे अजून आपल्याला पुरते कळायचे आहे.

आमच्याकडे सरपंचबाई धनादेशावर सही करतात, ग्रामसेवकाची सही शेजारी. लाखांच्या रकमा त्या सहीवर हलतात. आणि त्याच बाईंना घरी स्वतःच्या औषधाला नवऱ्यापुढे हात करावा लागतो, अशी उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. तिथे कारभार कोण करणार हे काय सांगायला हवे! 'सरपंचपती' हा शब्द कुठल्याच कायद्यात नाही, पण गावात तो सगळ्यांना कळतो. बचतगटातून आलेल्या बाईचे मात्र निराळे पाहिले. जिने दरमहा शंभर-शंभर रुपये मोजले, बँकेच्या दारात उभी राहिली, दुसरीच्या थकलेल्या हप्त्यावरून भांडली, ती ग्रामसभेत नवऱ्याकडे बघत नाही.

जळगाव जिल्ह्यातलेच विचखेडे. तिथल्या निवडून आलेल्या सरपंचबाईंविरुद्ध गावातल्या काहींनी तक्रार केली की त्यांचे घर सरकारी जागेवरच्या अतिक्रमणात आहे, सबब त्या अपात्र. घर सासूचे. बाईंचे म्हणणे, आम्ही नवराबायको तिथे राहतच नाही, वेगळे भाड्याने राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, वरच्या अधिकाऱ्यांनी आणि मग उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. नावावर घर नाही, जागा नाही, पण दुसऱ्याच्या घरापायी पद गेले! अखेर २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने हे सारे आदेश रद्द केले. बाई सरपंच झाली, तिच्या सांगण्याप्रमाणे चालावे लागेल, हेच गावकऱ्यांना सोसले नाही, असे न्यायमूर्तींनी निकालात स्पष्ट लिहिले, आणि त्यांना त्यांची उरलेली मुदत पुरी होईतो पुन्हा सरपंचपदी बसवले.